एक तळं, चार वह्या: कोळंबीच्या रोग-तपासण्यांचा सरकारी योजनांमध्ये मेळ कसा घालायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही मत्स्य खात्यात नव्याने रुजू झाला आहात. तुमच्या हद्दीतल्या कोळंबीच्या तळ्यांवर चार वेगवेगळ्या योजनांची माणसं नमुने न्यायला येतात. एक रोग-सर्वेक्षणाची, एक औषधांचे अंश तपासणारी, एक हॅचरी (पिल्लं तयार करणारं केंद्र) आणि बीजाच्या, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांच्या, परवान्याची, एक फार्मच्या नोंदणीची. चौघांच्या प्रयोगशाळा वेगळ्या, फॉर्म वेगळे, वेळापत्रकं वेगळी. शेतकरी वैतागले आहेत, कारण नमुने जातात पण निकाल येत नाही, आणि आलाच तर काढणी उरकल्यावर येतो. तुम्ही विचारता, एकच नमुना घेऊन तो चौघांत वाटून दिला तर हा गोंधळ मिटेल का?

मिटणार नाही. हे आधीच सांगतो, कारण ही सूचना प्रत्येक समन्वय बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत येते, सगळ्यांना पटते, आणि मग तिच्यामागे वर्ष जातं. एक करायच्या गोष्टी तीन आहेत: तळ्याची ओळख, फार्मवरची फेरी, आणि निकाल शेतकऱ्यापर्यंत परत जायची वाट. नमुना ज्याचा त्याचा वेगळा राहू द्या.

नमुना वेगळा का, ते आधी बघू. व्हाइट स्पॉट या कोळंबीच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू कल्ल्यांत, पोहण्याच्या पायांत, कवचाखालच्या त्वचेत, रक्तात सापडतो. हेपॅटोपँक्रिआज, म्हणजे डोक्यातली ती तपकिरी पचनग्रंथी, या विषाणूच्या तपासणीला उपयोगाची नाही, कारण तिच्या पेशींत तो वाढतच नाही. एएचपीएनडी या पचनग्रंथी झपाट्याने नासवणाऱ्या रोगाचं बरोबर उलटं. तो रोग व्हिब्रिओ जिवाणूच्या विषामुळे होतो आणि जिवाणू जठरात आणि आतड्यात बसलेला असतो, त्यामुळे तिथे पचनग्रंथी, जठर आणि आतडंच लागतं. ईएचपी हा सूक्ष्म परजीवी पचनग्रंथीच्या पेशींत राहतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. म्हणजे कोणी उत्साहाने पोहण्याचे पाय कापून ट्यूबमध्ये टाकले आणि प्रयोगशाळेने त्यावर तिन्ही रोगांची पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकांश शोधणारी चाचणी, केली, तर व्हाइट स्पॉटचा निकाल खरा असेल आणि बाकीचे दोन ‘निगेटिव्ह’ कागदापुरते. असे निगेटिव्ह मी ढिगाने पाहिले आहेत. डोळ्यांचीही तीच गोष्ट. कोळंबीच्या डोळ्यात पीसीआरला अडवणारे घटक असतात, म्हणून डोकं जसंच्या तसं कुटून तपासायला घेतलं तर लागण असूनही निकाल स्वच्छ येऊ शकतो.

टिकवण्याची पद्धतही प्रत्येकाची निराळी. पीसीआरसाठी ९० टक्क्यांहून तीव्र इथेनॉल, तेही ऊतीच्या दहापट. ऊतीचे सूक्ष्मदर्शकाखाली काप बघायचे असतील तर डेव्हिडसन द्रावण, आणि त्यातही नमुना एक ते तीन दिवसच ठेवून पुढे ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवायचा. जिवाणू वाढवून बघायचा असेल तर ना इथेनॉल, ना फ्रीझर. ताजी किंवा जिवंत कोळंबी बर्फाशेजारी थंड ठेवून त्याच दिवशी पोचवावी लागते. औषधांच्या अंशांसाठी मात्र काढणीच्या आकाराच्या कोळंबीचं मांस गोठवून, सीलबंद, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेलं याच्या नोंदीसह जायला हवं. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा अंश सापडला तर निर्यातीचा कंटेनर परत येतो, पुढे कायद्याचा प्रश्न उभा राहतो, म्हणून तिथे सीलला महत्त्व आहे. रोगासाठी आजारी, बांधाकडेला रेंगाळणारी, रिकाम्या आतड्याची कोळंबी मुद्दाम वेचायची असते. अंशांसाठी तळ्यातली सर्वसाधारण कोळंबी. या दोन निवडी एका जाळ्यात बसत नाहीत.

आता ओळखीकडे येतो. माझ्या मते हे सगळ्यात मोठं काम आहे आणि सगळ्यात दुर्लक्षितही.

काही वर्षांपूर्वी एकाच फार्मचे दोन निकाल माझ्या टेबलावर आले. एक ईएचपी पॉझिटिव्ह, ‘तळं क्र. ४’. दुसरा पंधरा दिवसांनी, निगेटिव्ह, ‘बी-२’. पाठवणारी कार्यालयं वेगळी. मी फार्मवर गेलो तेव्हा मालकाने दाखवलं की ज्याला एका वहीत चार म्हणतात तेच दुसरीत बी-दोन आहे, कारण मधला बांध दोन वर्षांपूर्वी फोडून दोन तळ्यांचं एक केलं होतं आणि नोंदणीच्या कागदावर जुना नकाशा तसाच राहिला होता. म्हणजे पंधरा दिवसांत त्या तळ्याचे दोन परस्परविरोधी निकाल होते आणि दोन्ही कार्यालयांना दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मालकाने निगेटिव्ह कागद धरला आणि त्याच तळातल्या चिखलावर पुढचं बीज सोडलं. ईएचपी मोठी मरतुक करत नाही. वाढ खुंटवतो. नव्वद दिवसांनी त्या तळ्यात काही कोळंब्या विकायच्या मापाच्या होत्या आणि काही बोटाच्या पेराएवढ्या. खाद्य सगळ्यांनी खाल्लं होतं. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून सगळ्यात आधी हे करा. प्रत्येक फार्मला आणि फार्ममधल्या प्रत्येक तळ्याला कायमचा क्रमांक द्या. नोंदणी करणाऱ्या यंत्रणेचाच क्रमांक पाया म्हणून घ्या, कारण कायद्याने तो शेतकऱ्याकडे असायलाच हवा; नवा पाचवा क्रमांक काढू नका. त्याला तळ्याचा आकडा आणि पिकाचा आकडा जोडा, म्हणजे ‘या फार्मचं तिसरं तळं, यंदाचं दुसरं पीक’ एवढं एका ओळीत कळलं पाहिजे. तळ्याच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश घ्या. बांध फुटला, जोडला, तळं भाड्याने दुसऱ्याला गेलं, तर क्रमांकाचं काय होईल याचा नियम आधीच लिहून ठेवा. हा क्रमांक तळ्याच्या बांधावर पत्र्यावर रंगवून लावा. कार्यालयातल्या संगणकात असून उपयोग नाही; पहाटे नमुना घेणाऱ्या पोराला तो डोळ्यांनी दिसला पाहिजे.

नमुना घेणाऱ्याबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो, कारण माझ्या अनुभवात समन्वयाचे बरेच मनसुबे इथेच बुडतात. बांधावर उकिडवं बसून तो चेक ट्रेमधून, म्हणजे तळ्यात खाद्य तपासायला ठेवलेल्या ताटातून, कोळंबी उचलतो, कात्रीने पोहण्याचे दोन-तीन पाय कापतो, ट्यूबमधल्या इथेनॉलमध्ये टाकतो, झाकण लावतो आणि बाहेरून पेनाने क्रमांक लिहितो. हात ओले. झाकणातून इथेनॉलचा एक थेंब ओघळतो आणि शाई पुसून जाते. दुपारी गाडीत चाळीस ट्यूब, त्यांतल्या सहा कोऱ्या. उपाय स्वस्त आहे: कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून ती ट्यूबच्या आत टाकायची. पेन्सिलीचं लिखाण इथेनॉलमध्ये जात नाही. आणि एका तळ्याहून दुसऱ्या तळ्यावर जाताना कात्री-चिमटा पुसून, ब्लीचमध्ये बुडवून, धुऊन घ्यायचा, नाहीतर पहिल्या तळ्याचा विषाणू दुसऱ्याच्या ट्यूबमध्ये जातो आणि पीसीआर इतकी संवेदनशील आहे की तो सापडतोही. हे प्रशिक्षण चारही योजनांच्या माणसांना एकत्र, एकाच बांधावर, एकाच दिवशी द्या. ती माणसं एकमेकांना नावाने ओळखायला लागली की पुढची निम्मी कामं फोनवर होतात.

फेरी एक करण्यामागे शेतकऱ्याचा वैताग हे एक कारण आहे, पण त्याहून गंभीर कारण दुसरं आहे. चार गाड्या, चार जोड बूट, चार जाळी एका आठवड्यात एका फार्मवर आली तर रोग शोधायला आलेलीच माणसं रोग वाहून नेतात. व्हाइट स्पॉटचा विषाणू तळ्याच्या पाण्यात तीन-चार दिवस तरी लागण करण्याइतका जिवंत राहतो. ओलं जाळं त्याला पुरतं. म्हणून फेऱ्यांचं एकच कॅलेंडर ठेवा आणि एका आठवड्यात एका फार्मवर एकच पथक जाऊ द्या. त्या पथकात दोन योजनांचे दोन माणूस असले तर हरकत नाही. जाळं फार्मचंच वापरा, स्वतःचं नेऊ नका. बूट दारात धुवा. फिरण्याचा क्रम नेहमी निरोगी तळ्याकडून आजारी तळ्याकडे, आणि मरतुकीच्या फार्मवर गेलात तर त्या दिवशी दुसऱ्या फार्मवर पाय ठेवायचा नाही. साहेब सोबत असले तरी हा नियम मोडायचा नाही. मी हे जोर देऊन लिहितो आहे कारण मोडताना पाहिलं आहे.

वेळापत्रक बसवताना खात्याच्या आर्थिक वर्षाकडे बघू नका, कोळंबीच्या पिकाकडे बघा. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून रिकाम्या तळ्यांवर फेऱ्या लावण्यात कोणाचं भलं नाही. पिकात तपासणीच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, ब्रूडस्टॉकची (पिल्लं देणाऱ्या मोठ्या कोळंबीची) आणि हॅचरीतून निघण्यापूर्वी पिल्लांची. दुसरी, बीज सोडल्यापासून पहिले ३०-३५ दिवस, कारण एएचपीएनडी साधारण याच काळात तळं साफ करतो. तिसरी, वाढ अडली किंवा आकार विखुरला असं वाटेल तेव्हा ईएचपीसाठी. चौथी, काढणीच्या आधी अंशांसाठी. मरतुक झाली तर ती पाचवी, आणि तिला कॅलेंडर नसतं. बघा, या जागा आपोआप वेगवेगळ्या योजनांच्या वाट्याला येतात. हॅचरीवाल्यांनी पहिली घ्यावी, सर्वेक्षणवाल्यांनी दुसरी-तिसरी, अंशवाल्यांनी चौथी. भांडण होतं ते दुसऱ्याच्या निकालावर भरवसा नसल्यामुळे. सर्वेक्षणवाले म्हणतात, हॅचरीचा रिपोर्ट आम्ही कशाला मानू, आणि बीज पुन्हा तपासतात.

कधीकधी त्यांची शंका खरीही असते, आणि तिथे आकडे बोलू द्यावेत. पिल्लांच्या एखाद्या लॉटमध्ये दोन टक्के लागण असेल आणि ती ९५ टक्के खात्रीने पकडायची असेल, तर सुमारे १५० पिल्लं तपासावी लागतात. लागण पाच टक्के धरली तर ६०, दहा टक्के धरली तर ३०. हे गणित चाचणी अचूक आहे आणि पिल्लं सगळ्या टाकीतून मिसळून घेतली आहेत असं धरून आहे. आता एखाद्या हॅचरीच्या प्रमाणपत्रामागे फक्त दहाच पिल्लं असतील, तर दोन टक्के लागण त्यातून सुटण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे तो कागद खोटा नाही, पण त्याने सांगितलेलं फार थोडं आहे. म्हणून सगळ्या योजनांच्या फॉर्मवर तीन रकाने सक्तीचे करा: किती नग घेतले, कोणती ऊती, किती नगांचा एक पूल, म्हणजे किती नग एकत्र करून एक चाचणी. पाच-पाचचा पूल केला तर १५० पिल्लांच्या ३० चाचण्या होतात, खर्च आटोक्यात येतो. पण पूल फार मोठा केला तर एका बाधित पिल्लाचा अंश बाकीच्यांत विरून जातो. हे तीन रकाने भरलेले असले की एका योजनेचा निकाल दुसरीला वापरता येतो की नाही, ते कोणाशी न भांडता कळतं.

प्रयोगशाळांचा मेळ हा याहून नाजूक विषय. दोन प्रयोगशाळा एकाच कोळंबीवर वेगवेगळं उत्तर देतात तेव्हा बाहेरच्याला वाटतं की कोणीतरी चुकलं किंवा कोणीतरी विकलं गेलं. अनेकदा तसं काही नसतं. ईएचपीची एक जुनी पीसीआर पद्धत जनुकाचा असा भाग शोधते जो इतर काही सूक्ष्म परजीवींतही सारखा असतो. विष्ठेच्या किंवा खेकड्यांच्या नमुन्यात ती फसते. बीजाणूच्या भिंतीतल्या प्रथिनाचं जनुक शोधणारी नंतरची पद्धत जास्त नेमकी आहे. आयएचएचएनव्ही या कोळंबीच्या आणखी एका विषाणूचं तर आणखी गमतीदार आहे: टायगर कोळंबीच्या काही वंशांच्या जनुकसंचातच या विषाणूचे तुकडे पिढ्यान्पिढ्या मुरलेले आहेत. प्रायमर, म्हणजे पीसीआरने कोणता भाग शोधायचा ते ठरवणारा डीएनएचा तुकडा, चुकीचा निवडला तर विषाणू नसलेली निरोगी कोळंबी पॉझिटिव्ह येते. एखादा ब्रूडस्टॉक या कारणाने नाकारला गेला तर त्या हॅचरीवाल्याला काय उत्तर देणार?

यासाठी सगळ्या योजनांनी मिळून प्रत्येक रोगाला एक पद्धत लिहून ठरवावी, शक्यतो जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या जलचरांच्या मॅन्युअलमधली. वर्षातून किमान एकदा सगळ्या प्रयोगशाळांना सारखेच लपवलेले नमुने पाठवून परीक्षा घ्यावी आणि तिचे गुण एकमेकांसमोर ठेवावेत. दोन पायऱ्या ठेवाव्यात: जिल्ह्याजवळची प्रयोगशाळा चाळणी लावेल, संदर्भ प्रयोगशाळा शिक्कामोर्तब करेल. ऑस्ट्रेलियात तशीच रचना आहे. राज्याची प्रयोगशाळा आधी, आणि जीलाँगची राष्ट्रीय प्रयोगशाळा शेवटचा शब्द. शिक्कामोर्तबासाठी लागणारा दुसरा भाग पहिल्याच वेळी वेगळ्या ट्यूबमध्ये घेऊन ठेवा. मरतुकीनंतर आठवड्याने पुन्हा नमुना आणायला गेलं तर तळ्यात फक्त बगळे असतात.

शब्दही एकच ठेवा. एएचपीएनडीला सुरुवातीला ‘ईएमएस’, म्हणजे लवकर मरण्याचा सिंड्रोम, म्हणत. पिल्लं लवकर मरायला खराब बीज, खारेपणातला झटका, अमोनिया, काहीही कारण असू शकतं, आणि त्या नावाखाली ते सगळंच नोंदलं जायचं. २०१३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने कारण शोधून काढलं: ठरावीक व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. त्याच्या प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या वलयावर) पिर-ए आणि पिर-बी या दोन विषांची जनुकं असतात हे पुढे स्पष्ट झालं. तेव्हापासून त्याची नेमकी चाचणी आहे. तरीही एखाद्या योजनेच्या फॉर्मवर ‘ईएमएस’चा रकाना दिसला तर तो काढा. फॉर्मवर दोन गोष्टी वेगळ्या असाव्यात: शेतकऱ्याने काय पाहिलं, आणि प्रयोगशाळेत काय निघालं.

आता पॉझिटिव्ह आल्यावर काय. बैठकीत हा विषय शेवटी येतो आणि चहा येईपर्यंत पुढे ढकलला जातो. माझा आग्रह आहे की एकही नमुना घेण्यापूर्वी हे एका पानावर लिहून, चारही खात्यांच्या सह्यांनी, शेतकऱ्यांना वाचून दाखवा. कोणाला किती तासांत फोन जाईल. पाणी अडवायचं की नाही, किती दिवस, निर्जंतुक कोण करून देईल, क्लोरीनचा खर्च कोणाचा. तातडीची काढणी करता येईल का, आणि तो माल कुठल्या अटीवर बाजारात जाईल. शेजाऱ्यांना काय सांगायचं, नाव घेऊन की न घेता. कोणत्या रोगाची खबर वर, केंद्राकडे आणि तिथून आंतरराष्ट्रीय पातळीवर जायला हवी. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीतला रोग देशात नव्याने आला तर सरकारला त्याची सूचना त्या संघटनेकडे २४ तासांत पाठवावी लागते, तेव्हा खालून येणारी माहिती महिनाभर फायलीत पडून चालत नाही.

ही तयारी आधी असण्याचा अर्थ काय, ते क्वीन्सलंडमध्ये दिसलं. २०१६ च्या अखेरीला ब्रिस्बेनच्या दक्षिणेला लोगन नदीकाठच्या एका फार्मवर व्हाइट स्पॉट निघाला. फेब्रुवारी २०१७ पर्यंत त्या नदीकाठची सात फार्म बाधित झाली. सगळी तळी रिकामी करून निर्जंतुक केली, बराच काळ पडीक ठेवली, आणि मोरेटन खाडीच्या परिसरातून कच्ची कोळंबी बाहेर नेण्यावर निर्बंध आले. तिथे फार्मची तपासणी आणि खाडीतल्या नैसर्गिक कोळंबी-खेकड्यांची तपासणी या दोन वेगळ्या कामांचे निकाल शेजारी ठेवल्याशिवाय कोणालाच पुढचा निर्णय घेता येत नव्हता: फार्म स्वच्छ आहे म्हणून बीज सोडायचं, तर पाणी ज्या खाडीतून घेणार तिथे काय आहे? तुमच्याकडे एकाच खाडीचं पाणी आत घेणारी आणि त्याच खाडीत सोडणारी फार्म असतील तर हाच प्रश्न तुमचाही आहे. योजना फार्मनिहाय आखल्या जातात, रोग पाण्यानिहाय पसरतो. म्हणून विश्लेषणाचं एकक खाडी किंवा कालवा ठेवा.

शिक्षेचा मुद्दा. शेतकऱ्याने मरतुक कळवली आणि दुसऱ्या दिवशी नोंदणीचं पथक कागद तपासायला आलं, तर त्या पट्ट्यात पुढची पाच वर्षं कोणी मरतुक कळवणार नाही. मी हे घडताना पाहिलं आहे. नोंद अशी की ‘रोग आढळला नाही’, आणि रस्त्याच्या कडेला मेलेल्या कोळंबीचा वास. त्यामुळे योजनांमध्ये माहिती वाटताना एक दार एकाच बाजूने उघडतं असं ठेवा. रोगाच्या तपासणीसाठी दिलेला नमुना अंशांच्या कारवाईसाठी वापरला जाणार नाही, हे लेखी द्या. अंशांच्या योजनेने मात्र आपली माहिती, फार्मचं नाव काढून, पट्टानिहाय सर्वेक्षणवाल्यांना द्यावी. त्यात मोठा उपयोग आहे. एखाद्या पट्ट्यात प्रतिजैविकांचे अंश अचानक वाढले तर तिथे व्हिब्रिओची किंवा पांढऱ्या आतड्याची तक्रार असण्याची शक्यता असते; रोग न कळवता दुकानातून औषध आणून टाकलेलं असतं. म्हणजे अंशाचा निकाल हा रोगाचा धूर असतो. तो दिसला की तिथे फौजदार नको, मत्स्य-आरोग्याचं माणूस पाठवा. विषाणूवर आणि ईएचपीवर प्रतिजैविक चालत नाही, हे बांधावर बसून समजावलं की पुढच्या पिकात दोन्ही योजनांचं काम हलकं होतं.

भारतातलं उदाहरण द्यायचं तर इथे हे सगळे तुकडे अस्तित्वात आहेत. २०१३ पासून जलचर रोगांचा राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम चालतो, समन्वय लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे आणि निमखाऱ्या पाण्यातल्या कोळंबीचं मोठं काम चेन्नईच्या सीबा या केंद्रीय निमखारे जलकृषी संशोधन संस्थेकडे. फार्मची नोंदणी २००५ च्या कायद्याने झालेल्या तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे. व्हॅनामी या परदेशी कोळंबीला २००९ मध्ये परवानगी मिळाली तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या ब्रूडस्टॉकचं क्वारंटाइन चेन्नईत. निर्यातीच्या अंशांची तपासणी आणखी वेगळ्या चौकटीत. २०२३ मध्ये शेतकऱ्याने मरतुक स्वतः कळवावी म्हणून ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲपही आलं. म्हणजे रचना उभारायची नाही, जोडायची आहे. ॲपवर आलेल्या तक्रारीत फार्मचा नोंदणी क्रमांक असला, आणि क्वारंटाइनमधल्या ब्रूडस्टॉकच्या लॉटचा क्रमांक हॅचरीमार्गे तळ्याच्या वहीपर्यंत पोचला, तर एखाद्या मरतुकीचा माग दोन दिवसांत मागे बीजापर्यंत काढता येईल. इतर देशांतही तुकड्यांची नावं बदलतात, सांधे हेच राहतात.

एक सूत्रधार लागेल, आणि तो सर्वांत वरचा अधिकारी नसावा. वरच्या अधिकाऱ्याची बैठक तीन महिन्यांनी होते. क्षेत्रात फिरणारा, चारही प्रयोगशाळांत ओळख असलेला, फोन उचलणारा मधल्या फळीतला माणूस निवडा आणि त्याला लेखी अधिकार द्या: कॅलेंडर बदलण्याचा, नमुना कुठल्या प्रयोगशाळेत जाईल ते ठरवण्याचा, आणि निकाल शेतकऱ्याला थेट सांगण्याचा. हा तिसरा अधिकार मिळवताना सगळ्यात जास्त विरोध होईल. ‘योग्य मार्गाने कळवू’ असं उत्तर येईल. तेव्हा सरळ विचारा की योग्य मार्गाला किती दिवस लागतात, आणि व्हाइट स्पॉट शिरल्यावर तळं रिकामं व्हायला तीन ते दहा दिवस लागतात हे सोबत ठेवा.

निकाल देण्याची पद्धतही साधी ठेवा. पीसीआरची जेलपट्टी किंवा सीटी व्हॅल्यू शेतकऱ्याला पाठवून उपयोग नाही. आधी फोन, मग त्याच्या भाषेत चार ओळी: कोणतं तळं, काय निघालं, आज काय करायचं, पुढे कोणाला विचारायचं. निगेटिव्ह आला तरी फोन करा. माझ्या अनुभवात विश्वास बसतो तो निगेटिव्हच्या फोनने. वाईट बातमी द्यायला सरकार येतंच. ‘तुमचं तळं ठीक आहे, पण नमुना तीसच नगांचा होता, चेक ट्रेवर लक्ष ठेवा’ असं सांगायला कोणी आलं तर शेतकरी पुढच्या वेळी मेलेली कोळंबी स्वतः बर्फाच्या डब्यात घालून आणून देतो.

सगळा जिल्हा एकदम घेऊ नका. एक खाडी घ्या, वीस-तीस फार्म, एक पूर्ण पीक. क्रमांक रंगवा, चारही पथकांचं एकत्र प्रशिक्षण घ्या, पॉझिटिव्हचं पान वाचून दाखवा, मग बीज पडू द्या. अहवालात किती नमुने घेतले हा आकडा सगळेच देतात. तुम्ही दुसरा द्या. नमुना घेतल्या क्षणापासून शेतकऱ्याला फोन जाईपर्यंत किती दिवस गेले, प्रत्येक तळ्याचे वेगळे. पहिल्या पिकात तो आकडा वाईट येईल. तो जसा आहे तसा चारही खात्यांच्या बैठकीत पहिल्या ओळीत लिहा, आणि कुठल्या टेबलावर किती दिवस गेले ते त्याच्या खाली.